लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये

आमचे आंधळगाव भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात आहे. कोशाच्या कापडासाठी गावाचे नाव लांबवर गेलेले. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचा कोसा, त्याचे सूत, आणि त्या सुताची करवतकाठी साडी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली साडी, ही आमच्या भागाची ओळख. मागाची खटखट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. आमचे दुकान मात्र शिलाईचे. शेजारी कापड विणत आणि आम्ही शिवत असू. बाकी आमच्याकडे पाहायला आहे ते पाणी. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गावोगावी बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो. वैनगंगा तर आहेच. पण समुद्र? तो आम्ही आयुष्यात एकदाच पाहिला होता, मुंबईला हाजी अलीच्या दर्ग्याला गेलो तेव्हा. भरती आली आणि दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली गेली. मुलांची अम्मी तिथेच किनाऱ्यावर पाठ फिरवून बसली. म्हणाली, "पाणी बघायला आले नाही मी. फातेहा पढायला आले."

त्याच बाईबरोबर गेल्या जानेवारीत आम्ही ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर चार दिवस राहून आलो. आमचा मोठा मुलगा मेलबर्नजवळच्या जिलाँग शहरात नोकरी करतो. सून आहे, अकरा वर्षांची नात आहे आणि सहा वर्षांचा नातू. पाच वर्षे तो बोलावत होता आणि आम्ही दुकानाचे निमित्त सांगत होतो. शेवटी त्याने तिकिटेच पाठवली.

तयारीत सर्वांत मोठी पिशवी लोणच्या-पापडाची आणि सर्वांत लहान पुडी दोडक्याच्या बियांची. सुनेच्या परसात वेल लावायचा म्हणून अम्मीने त्या रुमालात बांधून घेतल्या होत्या. विमानात एक कार्ड भरायला देतात. खायचे काय आणले, बिया आणल्या का, लाकूड आणले का, असे सगळे त्यावर विचारलेले असते. आम्ही खरे ते लिहिले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बाकीचे सामान पाहून परत दिले, बियांची पुडी मात्र हसत हसत ठेवून घेतली. बाहेरची कीड आणि रोग आपल्या शेतीत येऊ नयेत म्हणून हा देश फार जपतो. जे वाचक तिकडे जाणार असतील त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. वस्तू नेली म्हणून फारसे काही होत नाही, लपवली तर मोठा दंड होतो.

उलटे ऋतू, सरळ किब्ला

जानेवारी म्हणजे आमच्याकडे शेकोटीचे दिवस. तिकडे भर उन्हाळा. घड्याळ आपल्या साडेपाच तास पुढे. दुपारचा सूर्य दक्षिणेऐवजी उत्तरेच्या अंगाला, आणि चंद्रसुद्धा उलटा टांगल्यासारखा. मगरिब रात्री पावणेनऊच्या सुमारास आणि ईशा साडेदहाच्या पुढे. पहिले चार दिवस आम्ही दिशाच हरवून बसलो होतो. मग मुलाने किब्ला दाखवला आणि आम्हाला नवल वाटले. आंधळगावात आम्ही पश्चिमेकडे, जरासे उत्तरेला कलून उभे राहतो. जिलाँगमध्येही जवळजवळ तसेच उभे राहायचे! इतका समुद्र ओलांडून आलो, ऋतू उलटला, सूर्याची बाजू बदलली, पण नमाजेत तोंड त्याच अंगाला. त्या दिवसापासून घर थोडे ओळखीचे वाटू लागले.

जिलाँग हे एके काळी लोकरीच्या व्यापाराचे शहर. जुन्या दगडी लोकरीच्या गोदामात आता राष्ट्रीय लोकर संग्रहालय आहे. मुलगा आम्हाला मुद्दाम तिथे घेऊन गेला. तिथे १९१० सालचा गालिचा विणायचा मोठा माग आहे आणि तो अजून चालतो. माणूस उभा राहिला तर मागासमोर मूल दिसावे, एवढा मोठा. तो सुरू झाला आणि खटखट ऐकताच आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहू लागलो. आवाज आमच्या गल्लीचाच, फक्त कितीतरी पटींनी मोठा. नक्षीसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरत होती. आमच्या शेजारच्या कोष्टी काकांकडे जकार्ड आहे, त्यावरही असेच पुठ्ठे फिरतात. संग्रहालयातल्या बाईंना आम्ही मोबाईलवर गावच्या साडीचा फोटो दाखवला. त्यांनी काठ मोठा करून करून पाहिला.

कपाटातला डबा

घरी आल्यावर काही दिवसांनी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. नात आम्ही येण्याआधी दर आठवड्याला पोहायला जात असे. आम्ही आल्यापासून जात नव्हती. विचारले तर "आता सुट्टी आहे" म्हणाली. सुनेने नंतर खरे सांगितले. दादीला आवडणार नाही म्हणून पोरीने स्वतःच बंद केले होते. तिचा पोहण्याचा पोशाख कपाटात एका डब्यात घालून ठेवला होता.

आम्ही तो डबा मागून घेतला. शिंप्याला कपडा दाखवला की तो आधी शिवण पाहतो. पूर्ण बाह्यांचा गुडघ्यापर्यंत झगा, खाली विजार, डोक्याला घट्ट बसणारी टोपीसारखी ओढणी, आणि झगा पाण्यात वर तरंगू नये म्हणून आतून विजारीला बांधायची पट्टी. कापड हलके, पाणी न धरणारे. शिवण सपाट, अंगाला न टोचणारी. आम्ही मनात म्हटले, ज्याने हा कापला त्याने गरज नीट ओळखली आहे.

कापणारी बाई निघाली. सुनेने सांगितले की सिडनीच्या अहेदा झनेटी यांनी २००४ साली हा पोशाख तयार केला आणि त्याला बुर्किनी नाव दिले. मूळच्या लेबनॉनच्या या बाईंनी आपल्या भाचीला हिजाब आणि मोठे कपडे सांभाळत नेटबॉल खेळताना पाहिले. पोरगी घामाघूम झालेली, कपडे आवरता आवरता खेळ राहून जाणारा. त्यावरून त्यांना मुसलमान मुलींसाठी खेळायचे कपडे शिवायची कल्पना सुचली. पुढे २००५ च्या डिसेंबरात सिडनीच्या क्रोनला किनाऱ्यावर अरब वंशाच्या लोकांवर जमावाने हल्ले केले. फार वाईट दिवस होते ते. पण त्यानंतर किनाऱ्यांवर लोकांचे जीव वाचवणाऱ्या स्वयंसेवकांच्या संघटनेने मुसलमान मुलामुलींनाच जीवरक्षकाचे शिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि मुलींसाठी झनेटीबाईंनी जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या रंगात बुर्किनी शिवली. म्हणजे ज्या किनाऱ्यावरून हाकलले, त्याच किनाऱ्यावर पहारा करायला उभे राहिले. सून हे सांगत असताना अम्मी भाजी निवडत होती. ऐकून घेतले, पण बोलली नाही.

रात्री आम्ही विचारले, "पोशाख तर अंगभर आहे. मग अडचण काय?"

"पोशाखाची अडचण कोणी सांगितली तुम्हाला?" एवढे बोलून तिने कूस बदलली.

सैनिकांनी खोदलेली वाट

मुलाने चार दिवसांची सुट्टी काढली आणि आम्ही सहा जण मोटारीने निघालो. जिलाँगपासून अर्ध्या तासावर टॉर्के गाव आहे. तिथून ग्रेट ओशन रोड सुरू होतो. टॉर्केपासून अॅलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटरचा हा रस्ता, बराचसा डोंगराच्या कडेने आणि समुद्राला लागून. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी तो बांधला. १९१९ ते १९३२ एवढी वर्षे काम चालले, आणि तेही बहुतेक कुदळ-फावड्याने. युद्धात परत न आलेल्या आपल्या सोबत्यांचे हे स्मारक. वाटेत ईस्टर्न व्ह्यू येथे रस्त्यावर लाकडी कमान आहे, तिथे सगळ्या गाड्या थांबतात. आम्हीही थांबलो. स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुतळा येतो. इथे मेलेल्यांच्या नावाने रस्ता करून दिला आहे आणि जिवंत माणसे त्यावरून रोज जातात. आपल्याकडे याला सदका-ए-जारिया म्हटले असते.

वाटेत ठिकठिकाणच्या फलकांवर त्या जमिनीच्या मूळ लोकांची नावे लिहिलेली असतात. टॉर्केच्या बाजूला वदावुरुंग लोक. हजारो वर्षांपासून हा किनारा त्यांचा. नात ते नाव दर फलकावर मोठ्याने वाचून दाखवी, शाळेत शिकवले आहे म्हणून.

पुढे जंगल लागले आणि खिडकीतून ओळखीचा वास आला. नीलगिरी! आमच्याकडे रस्त्याच्या कडेला आणि बांधावर लावलेली ही झाडे मूळची इथली. केनेट रिव्हर या गावाजवळ त्याच झाडांवर कोआला झोपलेले दिसले. अस्वलासारखा दिसतो, पण अस्वल नव्हे, पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी. नीलगिरीचा पाला खातो आणि दिवसाचा बहुतेक वेळ झोपतो. नातवाने विचारले, "दादा, तुमच्या गावात नीलगिरी आहे तर कोआला का नाही?" आम्ही म्हटले, "आमच्याकडे एवढे झोपू देत नाहीत बाबा."

चार दिवसांचा आणि दोनशे किलोमीटरचा प्रवास, म्हणून आम्ही मुसाफिर. जोहर, असर आणि ईशाचे चार फर्ज दोन झाले. जोहर आम्ही एका बागेत हिरवळीवर चादर अंथरून पढलो. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने आपला रेडिओ बंद केला आणि आमचे होईपर्यंत लावला नाही.

इथे आपण पहिलेच, असे परदेशी गेलेल्या प्रत्येक माणसाला वाटते. मुलाने आमचा तो गैरसमज दूर केला. या देशाच्या उत्तर किनाऱ्यावर इंडोनेशियातल्या मकासरचे मुसलमान दर्यावर्दी इंग्रजांची वसाहत होण्याच्या आधीपासून येत होते. समुद्रकाकडी नावाचा जीव गोळा करून, उकडून, वाळवून ते चीनच्या बाजारासाठी नेत आणि किनाऱ्यावरच्या मूळ लोकांशी व्यापार करीत. नंतर १८६० साली देशाचा मधला भाग शोधायला मेलबर्नहून जी मोहीम निघाली, तिच्यासाठी कराचीहून उंट आणले गेले आणि उंटांबरोबर उंटवाले आले. त्यापुढच्या काळात पेशावर, बलुचिस्तान, पंजाब, सिंध अशा भागांतून शेकडो उंटवाले आले. लोक सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. वाळवंटातली ठाणी, तारयंत्राचे खांब, खाणींचे सामान हे सगळे त्यांच्या उंटांनी वाहिले. अॅडिलेड शहरात त्यांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी बांधलेली मशीद आजही उभी आहे, आणि वाळवंट पार करणाऱ्या प्रसिद्ध रेल्वेला त्यांच्यावरूनच 'घान' नाव आहे. आमच्या चादरीखालच्या मातीवर आमच्या आधी किती सजदे झाले होते, कोण जाणे!

शांत दिसणारे पाणी

दुसऱ्या दिवशी लॉर्न गावाच्या पुढे एका किनाऱ्यावर उतरलो. वाळूत थोड्या अंतरावर दोन झेंडे रोवलेले, अर्धे लाल अर्धे पिवळे. नात म्हणाली, "दादा, या दोन झेंड्यांच्या मध्येच पाण्यात जायचे. तिथेच जीवरक्षकांचे लक्ष असते." झेंड्यांच्या मध्ये ही गर्दी आणि पांढऱ्या लाटा धाडधाड फुटत होत्या. बाजूला पाऊणशे पावलांवर मात्र पाणी गडद, गुळगुळीत, जवळजवळ लाटच नाही. आम्हाला वाटले, लाटा नाहीत तिथे लहान मुलासाठी बरे. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि नातवाचा हात धरून त्या शांत पाण्यात गेलो. पोटरीपर्यंतच.

एक लाट आली आणि परतली. तिच्याबरोबर पायाखालची वाळू गेली. पुन्हा पाय रोवला, पुन्हा गेली. पाणी गुडघ्यांवर आले. पोराचा हात ओला, निसटू लागला. मागून नातीची किंकाळी ऐकू आली, "दादा, बाहेर या! तिथे रिप आहे! बाजूला चाला, बाजूला!" आणि शिट्टी. लाल-पिवळ्या कपड्यातली सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी पाण्यातून पळत आली. एका हाताने पोराला उचलले, दुसऱ्याने आमचा दंड धरला आणि आम्हाला किनाऱ्याकडे नव्हे, आधी आडवे चालवत नेले. दहा पावलांवर ओढ संपली.

ती रागावली नाही. वाळूवर बोटाने चित्र काढून समजावले, नातीने भाषांतर केले. लाटा किनाऱ्याला पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला एखादी खोलगट वाट शोधते आणि तिथून जोरात समुद्राकडे धावते. तीच रिप. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून अनोळखी माणसाला तीच जागा शांत आणि सुरक्षित दिसते. सापडलो तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचे नाही. माणूस थकतो आणि थकला की बुडतो. घाबरायचे नाही, तरंगत राहायचे, हात वर करून मदत मागायची, आणि येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडायचे.

हे आम्हाला कळायला हवे होते. वैनगंगेचा डोह वरून शांतच असतो, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही जाणते. पाणी परके असले की माणूस आपली अक्कल घरी ठेवून येतो.

मुलांची अम्मी हे सगळे लांबून पाहत होती. आम्ही तिच्याजवळ गेलो तर तिने नातवाला पदरात गुंडाळले आणि थरथर कापू लागली. सायंकाळपर्यंत कोणाशी बोलली नाही.

चाळीस वर्षे न सांगितलेली गोष्ट

त्या रात्री ईशानंतर ती बोलली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. तिचा एक भाऊ लहानपणी वारला, एवढेच आम्हाला माहीत होते. कसा, ते तिच्या माहेरी कोणी बोलत नसे. तो नऊ वर्षांचा होता, ती बाराची. गावच्या तलावावर ती कपडे धूत होती आणि तो म्हशींबरोबर पाण्यात होता. पाय गाळात गेला की काय झाले कळले नाही. हात दोनदा वर आला. काठावर चार बाया होत्या आणि पोहता एकीलाही येत नव्हते. माणसे शेतातून येईपर्यंत सगळे संपले होते.

"मी काठावर उभी होते," ती म्हणाली. "हातात त्याचाच सदरा होता, धुवायला घेतलेला."

आता आम्हाला हाजी अलीची फिरवलेली पाठ समजली. आमच्या तीन मुलांपैकी एकालाही तिने कधी तलावावर जाऊ दिले नाही, तेही समजले. आम्ही तिला हट्टी म्हणत आलो होतो.

सून दाराशी उभी राहून ऐकत होती. ती येऊन सासूच्या पायाशी बसली. मुलगाही आला. म्हणाला, "अम्मी, मग तर पोरीला यायलाच हवे ना पोहता?" अम्मीने उत्तर दिले नाही. पण "नाही" असेही म्हणाली नाही.

खरे तर या समुद्राने भल्याभल्यांना सोडलेले नाही. याच व्हिक्टोरिया राज्यात, चेव्हियट किनाऱ्यावर, १७ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट पोहायला उतरले आणि दिसेनासे झाले. ते पोहण्यात पटाईत. दिवसेंदिवस शोध घेतला, पण मृतदेहही सापडला नाही. एका देशाचा चालता पंतप्रधान समुद्राने नेला! तेव्हा पोहता येते म्हणून पाण्याशी मस्ती करू नये, हेही तितकेच खरे.

दोघे वाचले

तिसऱ्या दिवशी आम्ही पोर्ट कॅम्पबेलच्या बाजूला पोचलो. इथे जमीन एकदम कापल्यासारखी संपते. पिवळट चुनखडीचे उभे कडे आणि खाली दक्षिणेचा समुद्र. मुलगा म्हणाला, इथून सरळ दक्षिणेला गेलो तर पुढची जमीन अंटार्क्टिका. वारा तसाच, उन्हाळ्यातही स्वेटर काढू देत नव्हता.

समुद्रात चुनखडीचे एकेकटे सुळके उभे आहेत, पंचेचाळीस मीटरपर्यंत उंच. त्यांना 'ट्वेल्व्ह अपॉसल्स' म्हणतात. म्हणजे हजरत ईसा (अलै.) यांचे बारा हवारी. नाव बारांचे, पण सुळके कधीच बारा नव्हते. लाटा कड्याला पोखरतात, गुहा होते, गुहेची कमान होते, कमान पडली की सुळका उरतो आणि एक दिवस सुळकाही पडतो. २००५ च्या जुलैत त्यातला एक काही क्षणांत कोसळला. जवळच 'लंडन ब्रिज' नावाची दोन कमानींची जागा होती. १९९० च्या जानेवारीत जमिनीकडची कमान पडली आणि दोन पर्यटक समुद्राकडच्या तुकड्यावर अडकले. हेलिकॉप्टरने त्यांना काढावे लागले. आपण ज्याला डोंगर म्हणून अढळ समजतो, तोही मुदतीचाच.

तिथून थोड्या अंतरावर लॉक आर्ड घळ आहे. दोन कड्यांच्या मधून समुद्र आत आलेला, आत छोटीशी वाळू. १ जून १८७८ रोजी पहाटे इंग्लंडहून मेलबर्नला निघालेले 'लॉक आर्ड' जहाज इथल्या खडकांवर आपटून बुडाले. प्रवास संपायला थोडेच उरले होते. जहाजावर ५४ माणसे होती. वाचली दोन. टॉम पिअर्स नावाचा अठरा वर्षांचा उमेदवार खलाशी वाहत या घळीत आला आणि वाळूवर पडला. तेवढ्यात त्याला पाण्यातून बाईचा आवाज आला. ती होती इव्हा कार्मायकेल, आयर्लंडची मुलगी, फुटक्या जहाजाच्या लाकडाला धरून तरंगत होती. टॉम स्वतः अर्धमेला, तरी पुन्हा पाण्यात शिरला, पोहत गेला आणि तिला ओढून आणले. मग कडा चढून मदत शोधायला गेला. इव्हाचे आईवडील आणि बरोबरची सगळी भावंडे बुडाली. लोकांना वाटे की या दोघांचे लग्न व्हावे. पण इव्हा आयर्लंडला परत गेली आणि टॉम पुन्हा समुद्रावर.

नातीने फलक वाचून दादीला ही गोष्ट सांगितली. दादी कठड्याला धरून खाली पाण्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पाण्याकडे इतका वेळ बघताना आम्ही पाहिले. मग तिने विचारले, "त्या पोराला पोहता येत होते म्हणून ती वाचली?"

"हो दादी."

"काठावर उभा राहिला असता तर?"

नातीने उत्तर दिले नाही. दादीने तिचा हात हातात घेतला. "उद्या तो डबा काढ," ती म्हणाली. सुनेने तो डबा गाडीच्या डिकीत आधीच आणून ठेवला होता, हे आम्हाला तेव्हा कळले.

घोट्यापर्यंत

चौथ्या दिवशी परतताना पुन्हा झेंड्यांचा किनारा गाठला. नातीने निळ्या रंगाची बुर्किनी घातली. किनाऱ्यावर तऱ्हेतऱ्हेच्या कपड्यांतली माणसे होती. उन्हापासून जपायचे म्हणून कितीतरी गोऱ्या मुलांनीही पूर्ण बाह्यांचे अंगरखे घातलेले होते. कोणी मान वळवून पाहिले नाही. दादीने दोन्ही झेंडे बोटाने मोजले, जीवरक्षक कुठे उभा आहे ते पाहिले आणि नातीला बजावले, "मला दिसत राहायचे."

पोरगी पाण्यात शिरली. लाट आली की डोके खाली घाली, लाटेच्या पलीकडे वर येई आणि काठाकडे हात हलवी. हात वर आला की आमच्या शेजारी दादीचा श्वास अडके. पाच-सहा वेळा असे झाले. मग तिने चपला काढल्या. आम्ही काही बोललो नाही. बोललो असतो तर ती परत बसली असती. सलवार दोन बोटे वर धरून ती ओल्या वाळूपर्यंत गेली, थांबली, आणि पुढची लाट घोट्यांवर येऊ दिली. पाणी फार थंड होते. ओठ हलत होते, दुरूद पढत असावी. नात बाहेर आली तेव्हा दादी आपल्या कोशाच्या ओढणीने तिचे केस पुसू लागली. आंधळगावचे कापड, चार हजार रुपयांची ओढणी, खारट पाणी! आमच्यातला शिंपी कळवळला, पण गप्प राहिला.

परतीच्या वाटेवर नातीने सांगितले की मुलांना किनाऱ्यावर जीव वाचवायचे प्राथमिक धडे देणारे वर्ग असतात, 'निपर्स' म्हणतात. पाच ते तेरा वर्षांची मुले रविवारी जातात. तिलाही नाव घालायचे होते. मुलाने आरशातून मागे पाहिले. दादी म्हणाली, "घाल. पण धाकट्याचेही घाल."

परत गावात

आता आम्ही आंधळगावात आहोत. मशीन सुरू आहे, मागांची खटखट सुरू आहे. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मुलांची अम्मी आम्हाला गावाबाहेरच्या बोडीवर घेऊन गेली. चाळीस वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. उन्हे उतरली होती, पोरे म्हशींबरोबर पाण्यात होती आणि काठावर कोणीही नव्हते.

तिने घरातून मोटारीची जुनी ट्यूब आणली, हवा भरून घेतली आणि तिला लांब दोर बांधला. दोराला दर दोन हातांवर गाठ आम्हीच मारून दिली. ती ट्यूब आता बोडीवरच्या कडुलिंबाला टांगलेली असते. शेजारच्या कोष्टी काकांचा मुलगा चांगला पोहतो. तो रविवारी सकाळी लहान पोरांना कमरेएवढ्या पाण्यात तरंगायला शिकवतो, आणि इतर दिवशी मोठे माणूस असल्याशिवाय कोणी उतरायचे नाही असे ठरले आहे. पोरे ऐकतात असे नाही. पण अम्मी असरनंतर काठावर जाऊन बसते, तेव्हा ऐकतात.

हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगतात की त्यांनी मुलांना पोहणे शिकवायची ताकीद दिली होती. आम्ही ती गोष्ट कितीदा ऐकली, पण पाण्याच्या काठावर राहूनही मनावर घेतली नाही. वाचकांच्या गावालाही तलाव असेल, विहीर असेल, नदी असेल. सुट्ट्या जवळ आल्या आहेत. मुलाला शिकवा, मुलीलाही शिकवा, अंगभर कपड्यांत शिकवा. आणि बुडणाऱ्याला वाचवायला पोहता न येणाऱ्याने उडी टाकू नये, दोर टाकावा, काठी द्यावी, ओढणी फेकावी. त्यासाठी काठावर दोर आधीपासून असावा लागतो.

परवा जिलाँगहून फोन आला. नातवाने पाण्यात डोके बुडवायला नकार दिला म्हणून नात वैतागली होती. दादी तिला म्हणाली, "ओरडू नको त्याच्यावर. हळूहळू येईल. मला साठ वर्षे लागली."